रेशनकार्ड, दाखला आणि दवाखाना: तुमचं उत्पन्न नेमकं कुठे मोजलं जातं?

महाराष्ट्रात सरकारी योजनेतून मोठं ऑपरेशन करून घ्यायचं असेल, तर दवाखान्यात तुमचा पगार कुणी विचारत नाही. तो आधीच विचारून झालेला असतो. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, रेशनकार्ड काढताना, बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांपूर्वी. त्या वेळी जे लिहिलं गेलं, त्यावर आज तुमचं बिल कोण भरणार हे ठरत आलं आहे. म्हणून पेशंट स्ट्रेचरवर असताना "आमचं उत्पन्न कमी आहे हो" असं काउंटरवर सांगून काही हलत नाही. काउंटरवरच्या माणसाला उत्पन्न दिसत नाही, कागद दिसतो.

त्यात गोंधळ असा, की उत्पन्न मोजणारी दारं तीन-चार आहेत आणि प्रत्येक दाराची पट्टी वेगळी. मोठ्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या राज्याच्या फुले योजनेला रेशनकार्ड लागतं. केंद्राच्या आयुष्मान भारतची मूळ यादी उत्पन्नावर नाहीच. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांसाठी तहसीलदाराचा दाखला लागतो, मुख्यमंत्री सहायता निधीलाही तोच, पण मर्यादा वेगळी. लोक एका दाराचा नियम दुसऱ्या दारात सांगतात आणि परत फिरतात.

कार्डाचे रंग आणि त्यामागचे आकडे

आपल्याकडे तिरंगी रेशनकार्डाची पद्धत १ मे १९९९ पासून आहे. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत हवं. केशरीसाठी १५,००१ ते १ लाख. १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पांढरं, म्हणजे सरकारी भाषेत शुभ्र.

पण नुसतं उत्पन्न पुरत नाही. पिवळ्या कार्डाच्या घरात कुणी डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट किंवा सीए नसावा. कुणी व्यवसायकर, विक्रीकर किंवा आयकर भरत नसावा. घरी टेलिफोन नसावा (हा नियम लिहिला तेव्हा टेलिफोन म्हणजे श्रीमंती होती), चारचाकी नसावी. जमीन असली तर जिरायत दोन हेक्टर, हंगामी बागायत एक हेक्टर किंवा बारमाही बागायत अर्धा हेक्टर, एवढ्यापर्यंतच. दुष्काळी तालुक्यात याच्या दुप्पट चालते. केशरी कार्डाला अट दोनच गोष्टींची: घरात चारचाकी नको, टॅक्सीचालकाची टॅक्सी वगळून, आणि बागायत जमीन चार हेक्टरच्या आत. उत्पन्न कितीही कमी असो, दारात चारचाकी उभी राहिली की नियमाने कार्ड पांढरं.

आता हिशेब करून बघा. १५,००० म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३. आज शहरात रात्रपाळीच्या वॉचमनचा पगारही याच्या वर जातो. हे आकडे पंचवीस वर्षांपूर्वीचे, महागाईबरोबर वाढले नाहीत. त्यामुळे नियमावर बोट ठेवलं तर केशरी कार्डं असलेली लाखो घरं केशरीत बसणार नाहीत, आणि हे पुरवठा शाखेलाही ठाऊक असतं. मधून मधून अपात्र कार्डं शोधण्याची मोहीम निघते तेव्हा मात्र हाच आकडा काढला जातो.

शिवाय २०१४ पासून अन्न सुरक्षा कायद्याची आणखी एक चाळणी आली. प्राधान्य कुटुंब म्हणून स्वस्त धान्य मिळायला ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० आणि शहरात ५९,००० ही मर्यादा. म्हणून दोन शेजाऱ्यांकडे केशरीच कार्ड असतं, पण एकाला धान्य मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही. धान्य मिळत नाही म्हणजे दवाखान्याची योजनाही बंद, असं समजून बसणारे खूप आहेत. तसं नाही. धान्याचा नियम धान्यापुरता.

जीवनदायी ते फुले योजना, आणि २०२४ चा बदल

योजना सुरू झाली २ जुलै २०१२ ला, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने, आठ जिल्ह्यांत. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. गावाकडे लोक अजून "जीवनदायी"च म्हणतात. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होते, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. पात्रता पिवळ्या आणि केशरी कार्डाला. पांढरं कार्ड असलेल्यांपैकी फक्त चौदा जिल्ह्यांतले शेतकरी, मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, सातबारा दाखवून आत येत.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हे चित्र बदललं आणि १ जुलै २०२४ पासून ते प्रत्यक्षात आलं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख. यादीत १,३५६ उपचार. २०२५ मध्ये ती यादी आणखी वाढवण्याचा निर्णय झाला. आणि मुख्य म्हणजे पांढरं कार्डही आत आलं. रेशनकार्डच नसेल तर अधिवास दाखल्यावरही कुटुंबाला पात्र धरायचं ठरलं. राज्याच्या हद्दीत रस्ता अपघात झाला तर जखमी माणूस परराज्यातला असला तरी १ लाखापर्यंत उपचार.

म्हणजे फुले योजनेपुरती उत्पन्नाची भिंत पडली. हे अजून सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. "आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही" म्हणून कर्ज काढून बायपास करणारी माणसं आजही भेटतात. उलट उत्पन्न वाढलं तरी कार्ड पांढरं होऊ नये म्हणून धडपडणारेही आहेत, "उद्या ऑपरेशन निघालं तर?" या भीतीने. ती भीती आता ठेवायचं कारण नाही. धान्य जाईल, पण फुले योजना जाणार नाही.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा नावात.

कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव

योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे त्या रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत ते. एका घरात राहता की नाही, चूल एक की दोन, हे नंतरचं. ५ लाखही त्या सगळ्यांचे मिळून. सासूच्या अँजिओप्लास्टीला दीड लाख गेले तर उरलेले साडेतीन लाख त्या वर्षी बाकीच्यांना.

सगळ्यात जास्त अडते ती सून. लग्नाला सहा वर्षं झाली, आधारवर सासरचं नाव आलं, मतदार यादीत आलं, पण रेशनकार्डावर ती अजून माहेरी. सासरच्या कार्डावर ती नाही म्हणून तिथून उपचार होत नाहीत, माहेरच्या कार्डावर आहे, पण तिथे नाव "कु. सुनीता पांडुरंग" आणि आधारवर "सुनीता गणेश". आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेतर्फे दवाखान्यात बसून नोंदणी करणाऱ्या माणसाच्या, संगणकावर ही दोन माणसं ठरतात. उपाय सोपा आहे, पण तो आजारपणाच्या आधी करायचा. माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेत नमुना ९ भरून नाव कमी करायचं, नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, आणि तो जोडून सासरी नमुना ८ भरून नाव चढवायचं. दोन्ही कार्डांवर नाव राहिलं तर ऑनलाइन नोंदीत आधार दोनदा सापडतो आणि अर्ज परत येतो. दोन तालुके लांबचे असले, एक चंदगड आणि दुसरं उरण, की हे काम वर्षानुवर्षं राहून जातं.

दुसरी अडचण जुन्या हातलिखित कार्डांची. कार्डावरचा पुस्तक क्रमांक वेगळा आणि ऑनलाइन प्रणालीतला १२ अंकी क्रमांक वेगळा. योजनेला हा १२ अंकी लागतो. तुमचं कार्ड ऑनलाइन चढलेलंच नसेल, तर हातातलं कार्ड कितीही खरं असो, संगणकात ते सापडत नाही. रेशन दुकानदाराला किंवा पुरवठा शाखेत विचारून हा क्रमांक कार्डाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. तसंच सगळ्यांची आधार जोडणी आणि ई-केवायसी झाली आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

तिसरी अडचण स्पेलिंगची. रेशनकार्डावर "शांताबाई", आधारवर "शांता". अशा छोट्या फरकाला आरोग्यमित्र सहसा अडवत नाही, वय आणि फोटो जुळला की काम होतं. पण आडनावच वेगळं असेल किंवा वयात पंधरा वर्षांचा फरक असेल तर प्रकरण वर मुंबईला तपासणीत अडकतं. तान्ह्या बाळाचं नाव अर्थातच कार्डावर नसतं. त्यासाठी आई-वडिलांचं कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला चालतो, म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळ असेल तर जन्मनोंदणीसाठी घरच्या एका माणसाला लगेच पिटाळा.

आयुष्मान कार्डाची गोष्ट वेगळी

केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ ची. महाराष्ट्रात ती आणि फुले योजना १ एप्रिल २०२० पासून एकत्र चालतात, दवाखानेही तेच. पण केंद्राच्या यादीत येण्यासाठी कुणीही तुमचं उत्पन्न मोजलेलं नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेत गणक घरी आला होता, त्याने जे लिहिलं त्यावरून ही यादी झाली. ग्रामीण भागात एकाच खोलीचं कच्चं घर, १६ ते ५९ वयातला कुणीच नसलेलं घर, कर्ता पुरुष नसलेलं घर, अपंग व्यक्ती असून कमावता धडधाकट माणूस नसलेलं घर, अनुसूचित जाती-जमाती, भूमिहीन मजूर, हे निकष. शहरात अकरा प्रकारचे कष्टकरी: कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार वगैरे.

म्हणून "माझं उत्पन्न शेजाऱ्यापेक्षा कमी, तरी त्याचं नाव आलं आणि माझं नाही" या तक्रारीला उत्तर नसतं. २०११ मध्ये कुणाचं घर कच्चं होतं त्यावर ते ठरलं. त्यानंतर शेजाऱ्याने स्लॅब टाकला असेल, यादीला त्याची खबर नाही. ही यादी नव्याने भरून घेण्यासाठी तुम्हाला अर्ज करता येत नाही. मात्र राज्याच्या योजनेतल्या कुटुंबांचीही आयुष्मान कार्डं आता निघतात, ती रेशनकार्डाच्या १२ अंकी क्रमांकावरून. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवून आपले सरकार केंद्रात, आशाताईकडून किंवा योजनेच्या दवाखान्यात काढून घ्या. कार्ड प्रत्येक माणसाचं वेगळं निघतं. घरात एकाचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना तर उत्पन्न, रंग, यादी काहीच आड येत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. वय आधारवरून बघतात, बाकी काही नाही. बंगल्यात राहणारे निवृत्त प्राध्यापकही पात्र. घर आधीपासून आयुष्मानच्या यादीत असेल तर या ज्येष्ठांसाठी वर्षाला ५ लाख वेगळे मिळतात, ते घरातल्या तरुणांना वापरता येत नाहीत. दोघं नवरा-बायको सत्तरीच्या पुढचे असतील तर ते दोघांत मिळून. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. खासगी मेडिक्लेम किंवा कामगार विमा असेल तर निवडीचा प्रश्न येत नाही, दोन्ही चालतात.

दवाखान्यात काय होतं

योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बहुतेक ठिकाणी अपघात विभागाजवळ किंवा तळमजल्यावर. पैसे भरण्याच्या खिडकीआधी या टेबलाशी जायचं. हा क्रम उलटला की सगळं बिघडतं, कारण योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरलं आणि मग योजनेतून परत मागितलं, असं होत नाही. "आत्ता डिपॉझिट भरा, योजना मंजूर झाली की परत देऊ" असं कुणी म्हणालं तर पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आरोग्यमित्र कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र बघून नोंदणी करतो. मग डॉक्टर तपासण्या करून कुठला उपचार लागेल ते ठरवतात आणि दवाखाना तो प्रस्ताव रिपोर्टांसह मंजुरीला पाठवतो. साधारण एका दिवसात उत्तर येतं. उत्तर "नाही" असं सरळ क्वचित येतं. जास्त वेळा प्रश्न येतो. अँजिओग्राफीची सीडी जोडली नाही, एक्स-रेवर नाव-तारीख नाही, कॅन्सरच्या पेशंटचा बायोप्सी रिपोर्ट नाही. हा प्रश्न दवाखान्याच्या संगणकावर येऊन पडतो आणि नातेवाइकांना वाटतं वरून मंजुरीच येत नाही. म्हणून रोज सकाळी आरोग्यमित्राला एकच विचारा, "मंजुरीत काही क्वेरी आली का, आणि कुठला कागद हवा आहे?" अर्धी प्रकरणं इथेच सुटतात. हार्ट अटॅक, अपघात असं तातडीचं असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार आधी सुरू करता येतात. कागद आणून द्यायला नंतर थोडेच दिवस मिळतात.

योजना उपचारांच्या यादीवर चालते, आजाराच्या नावावर चालत नाही. डेंग्यूचा ताप आला, ओपीडीत दाखवलं, गोळ्या घेतल्या, यात ती नाही. यादीतलं ऑपरेशन किंवा उपचार लागला, तर खाट, जेवण, तपासण्या, औषधं, स्टेंट किंवा सांधा, डॉक्टरांची फी आणि घरी जाण्याचं भाडं हे सगळं ठरलेल्या पॅकेजमध्ये येतं. डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची औषधंही. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ती खासगी दवाखान्यात योजनेतून होत नाहीत. आणि दवाखाना योजनेत असला तरी सगळ्या विभागांसाठी असेल असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. फोन करताना "तुम्ही योजनेत आहात का" एवढं विचारून थांबू नका. "योजनेतून अमुक ऑपरेशन करता का" असं विचारा.

पैसे मागण्याचे प्रकार ठरलेले असतात. स्टेंट "चांगल्या कंपनीचा" हवा तर वरचे द्या, बाहेरच्या मेडिकलमधून एवढं आणा, स्पेशल रूम घ्या. स्पेशल रूम मागितली तर ती तुमची निवड, योजना जनरल वॉर्डची आहे. बाकीच्या गोष्टींसाठी १५५३८८ वर फोन करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि बाहेरून आणलेल्या प्रत्येक औषधाचं बिल पेशंटच्या नावाने करून घ्या. तक्रार पेशंट अजून भरती असताना केली तर ती लवकर मिटते.

धर्मादाय रुग्णालय: इथे मात्र उत्पन्न खरंच मोजतात

समजा उपचार यादीत नाही, किंवा दवाखाना योजनेत नाही. मग दुसरं दार. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली मोठी रुग्णालयं, मुंबई-पुण्यातली बरीच नामांकित रुग्णालयं यात येतात. त्यांनी आपल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि २००६ मधली उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना, हा त्याचा पाया. रुग्णालय आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवतं आणि गरीब रुग्णांच्या औषधांचा, इम्प्लांटचा खर्च त्यातून भागवतं.

निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत. दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, जेवण, नेहमीच्या तपासण्या, डॉक्टरांची फी यांचे पैसे लागत नाहीत आणि औषधं निधीतून. दुर्बल घटकाला बिल सगळ्यात खालच्या वर्गाच्या दराने लागतं, औषधं-इम्प्लांट खरेदीच्या किमतीला, आणि त्याचा निदान निम्मा भाग रुग्णाने भरायचा असतो. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी निर्धन रुग्णाला दारात अडवता येत नाही.

एक घर घेऊ. मुलगा वॉचमन, महिना १२,०००, वर्षाचे १,४४,०००. आई दोन घरी धुणीभांडी करते, महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. गावाकडे एकरभर जिरायत, तलाठ्याच्या अहवालात वर्षाला २०,००० धरलेले. बेरीज २ लाख. या घराचं रेशनकार्ड नियमाने पांढरं. फुले योजनेत मात्र ते पूर्ण ५ लाखांना पात्र. धर्मादाय रुग्णालयात निर्धन नाही, कारण १,८०,००० च्या वर, पण दुर्बल घटकात आहे. मुख्यमंत्री सहायता निधीची मर्यादा १,६०,०००, तिथे बाहेर. तेच घर, तीच कमाई, आणि चार दारांत चार उत्तरं. शेतीचे ते २०,००० नसते तर हेच घर बरोबर १,८०,००० वर येऊन निर्धन ठरलं असतं. तलाठ्याच्या अहवालातल्या एका ओळीला एवढं वजन असतं. म्हणून पीक गेलेलं असेल, पंचनामा झालेला असेल, तर त्याची प्रत अर्जाला जोडा.

दाखला काढताना

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल. नोकरी असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा आणि आठ अ. सेवा हमी कायद्याने १५ दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात तलाठ्याकडे तो किती दिवस पडून राहतो त्यावर सगळं. एक वर्षाचा दाखला मागितला आहे की तीन वर्षांचा, ते आधी विचारून घ्या. दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरती झालेल्या पेशंटची पंचाईत होते: जुना संपलेला, नवा यायचा. घरात डायलिसिस, केमो असं लांबणारं आजारपण असेल तर एप्रिल लागताच पहिला अर्ज टाका.

उत्पन्न कमी दाखवण्याचा मोह होतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी ६०,००० चा दाखला, आणि गाडीच्या कर्जासाठी ५ लाखांचं आयकर विवरण, असं एकाच घरात सापडतं. आता पॅन आणि आधार जोडलेले असताना हे उघडं पडायला वेळ लागत नाही, आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते, एजंटाची नसते.

मुख्यमंत्री सहायता निधी हे शेवटचं दार. इतर योजनेतून उपचार होत नसेल तरच. दाखला १,६०,००० च्या आतला, डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आणि पेशंट भरती असल्याचा जिओ टॅग असलेला फोटो. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. डिस्चार्ज होऊन बिल भरून झालं असेल तर अर्ज करून उपयोग नाही.

हद्दीच्या पलीकडे

केंद्राच्या यादीतलं आयुष्मान कार्ड देशभर चालतं. सुरतला किंवा बंगळुरूला कामाला असलेला माणूस तिथल्या जोडलेल्या रुग्णालयात ते वापरू शकतो. फक्त फुले योजनेत असलेल्या घराला ती सोय नाही, उपचार राज्यातल्या रुग्णालयात घ्यावे लागतात. सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. गोव्यात पद्धतच निराळी आहे. तिथल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उत्पन्नाऐवजी पाच वर्षांचा रहिवास बघतात. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. सावंतवाडीची मुलगी लग्न होऊन पेडण्याला गेली असेल, तर गोव्याचा पाच वर्षांचा रहिवास पूर्ण होईपर्यंत तिचं माहेरच्या रेशनकार्डावरचं नाव घाईने कमी करू नका.